विमानाने हिरावलेले दिवस : हवाई प्रवास आणि साथरोगांचा प्रतिबंध

परदेशात एखादी नवी साथ पसरल्याची बातमी आली की सर्वसामान्य माणसाच्या मनात एक साधा प्रश्न हमखास येतो. परदेशी विमाने मोजक्याच विमानतळांवर उतरतात. मग तेथेच प्रत्येक प्रवाशाची कसून तपासणी केली, तर रोग देशात शिरणार कसा? घराला एकच दरवाजा असेल तर त्या दाराशी पहारा ठेवणे पुरेसे असते, असा या प्रश्नामागचा तर्क असून तो वरवर बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात २००३ मधील सार्स, २००९ मधील स्वाइन फ्लू आणि २०२० मधील कोविड या तिन्ही साथींच्या वेळी विमानतळांवर पहारे बसले होते. तरीही सार्स काही महिन्यांत आटोक्यात आली आणि उरलेल्या दोन्ही साथी जगभर पसरल्या. पहारा सारखाच असताना निकाल इतके वेगळे का लागले, हे समजून घेतले की हवाई प्रवासातून होणारा रोगप्रसार कोठे अडवता येतो आणि कोठे येत नाही, याचा उलगडा होतो.

१. प्रवासाचा काळ आणि रोगाचा काळ

जंतू शरीरात शिरल्यापासून रोगाचे पहिले लक्षण दिसेपर्यंत जो काळ जातो, त्याला अधिशयन काळ म्हणतात. इन्फ्लुएंझामध्ये हा काळ साधारणतः एक ते चार दिवसांचा, पीतज्वरात तीन ते सहा दिवसांचा, तर इबोलामध्ये दोन ते एकवीस दिवसांचा असतो. रात्री विरजण लावलेल्या दुधाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. झोपण्यापूर्वी भांड्यावरचे झाकण काढून पाहिले तर दूध दूधच दिसते. दही होण्याची क्रिया आत सुरू झालेली असली तरी ती डोळ्यांना सकाळीच कळते. अधिशयन काळातला माणूस असाच असतो: तो हिंडतो-फिरतो, त्याला ताप नसतो आणि आपल्याला काही झाले आहे याची त्याला स्वतःलाही कल्पना नसते.

आगबोटीच्या जमान्यात या काळाची फारशी अडचण होत नसे. सुवेझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यानंतरही मुंबईहून लंडनला पोहोचण्यास सुमारे तीन आठवडे लागत, त्यामुळे निघताना रोग अंगात लपलेला असला तरी तो बहुधा समुद्रावरच उघडा पडे आणि बंदरातील अधिकाऱ्यांना बोट येण्यापूर्वी किंवा आल्याबरोबर त्याचा सुगावा लागे. जेथे प्रवास त्याहून लहान असे, तेथे बंदराबाहेर थांबवून दिवस भरून काढले जात. एड्रिॲटिक समुद्राकाठच्या रागुसा, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिक, या शहराने १३७७ मध्ये प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर ठेवण्याचा नियम केला. पुढे इटलीतील बंदरांत ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि ‘चाळीस’ या अर्थाच्या तेथील शब्दावरून क्वारंटाइन हा शब्द रूढ झाला. ही व्यवस्था अभेद्य मुळीच नव्हती. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी ओळखलेला प्लेग बहुधा हाँगकाँगहून सागरी मार्गानेच आला होता, कारण माणसांवर नजर ठेवणाऱ्या व्यवस्थेला मालातून येणारे उंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा दिसत नव्हत्या. तरीही माणसामार्फत येणाऱ्या रोगांसाठी बोटीवरचे दिवस ही एक आपोआप मिळालेली गाळणी होती.

विमानाने ती गाळणी काढून घेतली. मुंबई ते लंडन हे अंतर आता नऊ-दहा तासांत कापले जाते, आणि हा वेळ वर सांगितलेल्या प्रत्येक रोगाच्या अधिशयन काळापेक्षा कमी आहे. त्यामुळे विरजण लागलेले दूध दूध दिसत असतानाच एका खंडातून दुसऱ्या खंडात पोहोचते. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे ४५० कोटी विमानप्रवास झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाची व्याप्ती कळते. डर्क ब्रोकमन आणि डर्क हेल्बिंग या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की साथीच्या दृष्टीने दोन शहरांमधील अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नाही. त्यांच्यामध्ये किती माणसे ये-जा करतात यावरून ते मोजावे लागते. या मोजमापाने समुद्रापलीकडची दुबई मुंबईच्या शेजारी येते, तर शंभर किलोमीटरवरचे एखादे डोंगरातले गाव तिच्यापासून दूर राहते.

म्हणून पुढे वर्णन केलेल्या सर्व उपायांचे सूत्र एकच आहे: विमानाने हिरावून घेतलेले दिवस दुसऱ्या कोणत्या तरी मार्गाने परत मिळवणे.

२. विमानाच्या आतली हवा

विमानातील बंद हवेमुळे एक आजारी माणूस सर्वांना आजारी पाडतो, असा समज फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. परंतु विमानाच्या रचनेकडे पाहिले तर तो अर्धाच खरा ठरतो. बहुतेक आधुनिक प्रवासी विमानांत खेळणारी हवा साधारण निम्मी बाहेरून घेतलेली आणि निम्मी आतलीच, पण गाळून पुन्हा सोडलेली असते, आणि केबिनमधील सगळी हवा तासाला वीस ते तीस वेळा बदलली जाते. संसर्गजन्य रुग्णांसाठी असलेल्या रुग्णालयातील खास खोलीसाठी हेच प्रमाण तासाला बारा वेळा असणे चांगले मानले जाते. शिवाय ही हवा वरून येऊन त्याच रांगेच्या आसपास पायांजवळून बाहेर ओढली जाते, त्यामुळे ती विमानाच्या लांबीच्या दिशेने फारशी वाहत नाही.

हवा गाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गाळणीला हेपा गाळणी म्हणतात. ती ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवते; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कसोटीसाठी नेमका हाच आकार घेण्यामागे कारण आहे. त्याहून मोठे कण हवेबरोबर वळू न शकल्याने गाळणीच्या तंतूंवर आदळून अडकतात, तर त्याहून लहान कण हवेत सतत थरथरत, भरकटत राहिल्याने तंतूंना जाऊन चिकटतात; मधल्या आकाराचे कण पकडणे सर्वांत अवघड असते. त्यामुळे जी गाळणी ०.३ मायक्रॉनच्या कसोटीला उतरते, ती खोकल्यातून उडणाऱ्या लहानमोठ्या थेंबांना सहज अडवते.

मग विमानात संसर्ग होतोच कसा? देवघरात लावलेल्या उदबत्तीचा विचार केला तर हे स्पष्ट होते. खिडकी उघडी असली की खोलीत धूर साठून राहत नाही, पण उदबत्तीला खेटून बसलेल्या माणसाच्या नाकात तो खिडकीकडे जाण्याआधीच शिरतो. गाळणी म्हणजे ही खिडकी. शेजारच्या आसनावरचा माणूस म्हणजे उदबत्तीजवळ बसलेला माणूस. १५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या तीन तासांच्या विमानफेरीत सार्सच्या एका रुग्णामुळे बावीस जणांना लागण झाल्याचे पुढे निष्पन्न झाले. त्यात रुग्णाच्या पुढच्या तीन रांगांतील २३ प्रवाशांपैकी ८ जण आजारी पडले, तर इतरत्र बसलेल्या ८८ जणांपैकी १०. मार्च २०२० च्या पहिल्या दोन दिवसांत लंडनहून हनोईला गेलेल्या विमानात कोविडची लागण झालेल्या एका प्रवाशामुळे पंधरा-सोळा जणांपर्यंत संसर्ग पोहोचला आणि त्यांतील बहुतेक जण त्या प्रवाशाच्याच विभागात बसलेले होते. तेव्हा विमानात मुखपट्टी सक्तीची नव्हती आणि प्रवास दहा तासांचा होता.

खिडकीच बंद केली तर काय होते, हे १९७७ मध्ये अलास्कात दिसले. चोपन्न माणसे असलेले एक विमान बिघाडामुळे काही तास जमिनीवर थांबले होते, त्या काळात त्याची वायुवीजन यंत्रणा बंद होती आणि प्रवाशांमध्ये एका व्यक्तीला इन्फ्लुएंझा झालेला होता. तीन दिवसांच्या आत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. यातून निघणारा नियम सोपा आहे: प्रवासी आत असताना, विमान उभे असले तरी, हवा खेळती राहिलीच पाहिजे.

सहवासाचा काळही महत्त्वाचा असतो. १९९४ मध्ये शिकागोहून होनोलुलूला पावणेनऊ तास प्रवास केलेल्या एका क्षयरुग्णाच्या बाबतीत असे आढळले की त्याच्या विभागात दोन रांगांच्या आत बसलेल्यांना संसर्गाचा धोका सर्वाधिक होता. त्याच प्रकारच्या अभ्यासांवरून, क्षयाच्या संदर्भात आठ तास किंवा त्याहून अधिक प्रवास आणि पुढच्या-मागच्या दोन रांगा, ही संपर्कातील माणसे शोधण्याची मर्यादा ठरली.

३. तापमापकाला काय दिसते

आता विमानतळावरच्या पहाऱ्याकडे वळता येईल. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका विमानतळावर दिवसभरात १०,००० प्रवासी उतरले आणि त्यांपैकी २० जणांना नव्या रोगाची लागण झालेली आहे. या वीसपैकी १२ जण अधिशयन काळात असल्याने त्यांना ताप नाही. उरलेल्या ८ पैकी २ जणांनी तापाची गोळी घेतली आहे, म्हणून तापमापक त्यांनाही सोडून देतो. पकडले जातात ते ६. दुसरीकडे, लागण न झालेल्या ९,९८० प्रवाशांपैकी शंभरातील एकाला सर्दी-पडसे किंवा अन्य कारणाने ताप असेल, तर सुमारे १०० जण अडवले जातात. म्हणजे बाजूला काढलेल्या १०६ जणांमध्ये खरे रुग्ण ६ आणि बिनबोभाट शहरात गेलेले लागणग्रस्त १४. यंत्रात दोष नाही, कर्मचाऱ्यांनी हयगय केलेली नाही. जे अजून दिसण्याजोगे झालेलेच नाही ते दिसले नाही, इतकेच.

सार्सच्या साथीत कॅनडाने लाखो प्रवासी विमानतळांवर तपासले, पण त्या तपासणीत सार्सचा एकही रुग्ण सापडला नाही. तरीही सार्स थांबली, कारण त्या रोगाचा रुग्ण लक्षणे दिसू लागल्यानंतरच, आणि तेही मुख्यतः आजार वाढल्यावर, इतरांना संसर्ग देत असे. त्यामुळे आजारी माणूस रुग्णालयात वेळीच वेगळा ठेवला की साखळी तुटत असे. इन्फ्लुएंझा आणि कोविड यांचे रुग्ण लक्षणे दिसण्यापूर्वीच संसर्ग देऊ लागतात. पहारा सारखाच असूनही निकाल वेगळे लागण्याचे कारण रोगांच्या या स्वभावात आहे. भारतात स्वाइन फ्लूचा पहिला रुग्ण मे २००९ मध्ये हैदराबादला परदेशी प्रवासातून आलेल्यांत आढळला. विमानतळांवर तपासणी चालू असतानाच ऑगस्टच्या सुरुवातीस त्या रोगाने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला.

याचा अर्थ तपासणी निरुपयोगी आहे असा नाही. साथ असलेल्या देशातून निघतानाच केलेली तपासणी उतरतानाच्या तपासणीपेक्षा अधिक गुणकारी असते, कारण ती आजारी माणसाला विमानातच चढू देत नाही आणि शेजारच्या प्रवाशांनाही वाचवते. उतरताना केलेल्या तपासणीचा खरा लाभ वेगळाच असतो: प्रवाशाचा पत्ता, दूरध्वनी आणि आसनक्रमांक यांची नोंद होते आणि पुढील काही दिवसांत काय झाल्यास कोठे कळवायचे, हे त्याला सांगता येते.

४. ज्या रोगाला दारातच अडवता येते

दारावरचा पहारा जवळजवळ पूर्णपणे यशस्वी ठरलेले उदाहरणही आहे, आणि ते भारताचेच आहे. आफ्रिका व दक्षिण अमेरिका खंडांतील उष्ण प्रदेशांत आढळणारा पीतज्वर एडिस इजिप्ती या डासामार्फत पसरतो. डेंग्यू पसरवणारा हाच डास भारतातील गावागावांत आहे आणि येथील लोकांना पीतज्वराची प्रतिकारशक्ती नाही; म्हणजे सरपण रचून तयार आहे, उणीव फक्त ठिणगीची आहे. म्हणून पीतज्वराच्या प्रदेशातून येणाऱ्या प्रत्येकाकडे लस घेतल्याचे प्रमाणपत्र असावे लागते. ते नसल्यास त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते. हे सहा दिवस म्हणजे त्या रोगाच्या अधिशयन काळाची कमाल मर्यादा. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते. ही लस तयार करणारे माक्स थायलर यांना १९५१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे पहारा यशस्वी होतो, कारण एकदाच घ्यावी लागणारी परिणामकारक लस उपलब्ध आहे, तिचा पुरावा कागदावर तपासता येतो आणि अधिशयन काळ वेगळे ठेवण्याइतका लहान आहे. या तीन अटी ज्या रोगाला लागू होत नाहीत, त्याच्या बाबतीत पीतज्वरासारख्या यशाची अपेक्षा धरणे चुकीचे ठरते.

डास स्वतःही विमानाने प्रवास करतात. कधीही उष्ण प्रदेशात न गेलेल्या युरोपीय माणसांना विमानतळाजवळ हिवताप होण्याच्या घटना घडल्या असून, पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळाच्या संदर्भात १९९४ च्या उन्हाळ्यात असे रुग्ण आढळले होते. म्हणूनच काही मार्गांवर विमानात कीटकनाशक फवारले जाते आणि आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार विमानतळाभोवतीचा किमान ४०० मीटरचा पट्टा डासमुक्त ठेवण्याची जबाबदारी देशांवर टाकलेली आहे.

५. उड्डाणेच बंद केली तर

साथ भयंकर असेल तर त्या देशाची विमानेच का बंद करू नयेत, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. याचेही गणित मांडता येते. साथीच्या मूळ ठिकाणी रुग्णसंख्या दर तीन दिवसांनी दुप्पट होत आहे, असे समजू. तेथून येणारे प्रवासी नव्वद टक्क्यांनी घटवले, म्हणजे दहापैकी एकच येऊ दिला, तर येणारे लागणग्रस्तही एक दशांश होतील. परंतु मूळ ठिकाणचे रुग्ण दसपट होण्यास तीनहून थोड्या अधिक दुपटी, म्हणजे सुमारे दहा दिवस लागतात. त्यानंतर येणाऱ्या लागणग्रस्तांची संख्या पुन्हा पहिल्याइतकी होते. शंभरापैकी नव्याण्णव प्रवासी अडवले तरी मिळतात ते वीस दिवस. या दिवसांचे मोल मोठे आहे, पण रुग्णालये सज्ज करण्यासाठी व चाचण्या वाढवण्यासाठी ते वापरले तरच. नुसते वाट पाहण्यात गेले तर बंदीने काहीच साधत नाही.

बंदीची दुसरी बाजूही आहे. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठींचा प्लेग आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आढळल्याच्या वृत्तानंतर अनेक देशांनी भारताशी असलेली विमानवाहतूक थांबवली. त्या साथीतून भारताबाहेर प्लेग पसरल्याचे आढळले नाही, पण देशाचे व्यापारात आणि पर्यटनात मोठे नुकसान झाले. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या नव्या प्रकाराची, म्हणजे ओमायक्रॉनची, माहिती तत्परतेने जगाला दिली, तर दोनच दिवसांत तिच्यावर प्रवासबंदी लादली गेली. प्रत्यक्षात नेदरलँड्समध्ये १९ आणि २३ नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यांतही तो प्रकार होता, असे नंतर कळले. खरे सांगणाऱ्याला शिक्षा झाली की पुढच्या वेळी सांगण्यास विलंब होतो, आणि साथीच्या बाबतीत विलंबाइतके घातक दुसरे काही नाही. २००५ मध्ये सुधारून २००७ पासून लागू झालेले आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम याच जाणिवेवर उभे आहेत. जगाला धोका ठरू शकेल अशा घटनेची खात्री पटल्यावर चोवीस तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवावे आणि उपाय योजताना प्रवास व व्यापाराला विनाकारण बाधा आणू नये, अशी दुहेरी अपेक्षा त्यांत आहे.

६. उतरल्यानंतरचे एकवीस दिवस

पहाऱ्यातून सुटलेला रुग्ण देशात आला म्हणजे सारे संपले असे नाही, हे नायजेरियाने दाखवून दिले. २० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून लागोसला उतरलेला एक प्रवासी विमानतळावरच कोसळला. सुरुवातीला हिवताप समजून उपचार झाले, पण डॉ. अमेयो अडाडेवोह यांना इबोलाचा संशय आला आणि रुग्णाला सोडून देण्यासाठी आलेला दबाव झुगारून त्यांनी त्याला रुग्णालयातच ठेवले. पोलिओ निर्मूलनासाठी उभारलेली यंत्रणा तातडीने या कामाला जुंपण्यात आली. संपर्कात आलेल्या जवळजवळ ९०० व्यक्तींची यादी झाली, आरोग्यसेवकांनी त्यांच्याकडे मिळून सुमारे १८,५०० भेटी दिल्या आणि प्रत्येकावर एकवीस दिवस, म्हणजे इबोलाचा पूर्ण अधिशयन काळ, लक्ष ठेवले. दोन कोटींच्या घरात लोकवस्ती असलेल्या त्या महानगरात वणवा पेटण्याऐवजी देशभरात एकूण २० रुग्ण आणि ८ मृत्यू एवढ्यावर साथ थांबली. त्या आठांत डॉ. अडाडेवोहही होत्या. २० ऑक्टोबरला नायजेरिया इबोलामुक्त घोषित झाला. विमानाने हिरावलेले दिवस येथे घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेवकांनी परत मिळवले.

महाराष्ट्रातील कोविडची सुरुवातही हाच धडा देते. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळलेले राज्यातील पहिले दोन रुग्ण १ मार्चला दुबईच्या सहलीवरून परतलेले होते. त्यांच्या संपर्कातील माणसांचा माग काढल्यावर लगेच त्यांची मुलगी, त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालक आणि एक सहप्रवासी यांना लागण झाल्याचे समजले. त्याच महिन्यात राज्याने घरी वेगळे राहण्यास सांगितलेल्या प्रवाशांच्या डाव्या हातावर शिक्के मारण्यास आरंभ केला. तरीही असे शिक्के असलेले काही जण रेल्वेने पुढच्या प्रवासाला निघाल्याचे आढळले आणि त्यांना पालघरला गाडीतून उतरवावे लागले. शिक्का माणसाची ओळख पटवतो, पण त्याला घरी थांबवत नाही. त्यासाठी बुडालेल्या मजुरीची सोय, घरपोच किराणा आणि रोज विचारपूस करणारा माणूस लागतो.

७. सूप, चाळणी आणि ताट

घरी वर्षाचे धान्य भरताना ते आधी सुपाने पाखडतात, मग चाळतात आणि शेवटी ताटात घेऊन हाताने निवडतात. सुपाने फोलपटे उडतात पण खडे राहतात, चाळणीतून माती गळते पण दाण्याएवढा खडा वर राहतो, आणि तो शेवटी बोटांनाच सापडतो. तिन्ही मिळून धान्य स्वच्छ होते. हवाई प्रवासातील प्रतिबंध असाच थराथरांचा आहे: मूळ देशातील साथीवर तेथेच उपचार आणि तिची वेळेवर वार्ता, प्रवासापूर्वीची लस, निघतानाची तपासणी, विमानातील खेळती हवा आणि मुखपट्टी, उतरतानाची नोंद, आणि त्यानंतरचा संपर्कशोध. अलीकडे विमानाच्या स्वच्छतागृहातील सांडपाणी तपासून, कोणत्या देशातून कोणता विषाणू येत आहे हे कोणाचेही नाव न विचारता ओळखण्याची पद्धतही काही विमानतळांवर सुरू झाली आहे.

या थरांपैकी बहुतेकांमध्ये एक गोष्ट समान आहे: ते प्रवाशाने सांगितलेल्या माहितीवर चालतात. ताप असताना गोळी घेऊन तपासणीतून निसटलेला, अर्जावर चुकीचा पत्ता लिहिणारा किंवा गेल्या आठवड्यात कोठे होतो हे लपवणारा प्रवासी अशा प्रत्येक थराला एकाच वेळी भोक पाडतो. पण माणूस खरे तेव्हाच सांगतो, जेव्हा खरे सांगितल्याने त्याची नोकरी जात नाही, शेजारी दार बंद करत नाहीत आणि तिकिटाचे पैसे बुडत नाहीत. म्हणून आजारपणात तिकीट विनादंड बदलून देणारा नियम आणि वेगळे राहणाऱ्याच्या दारात भाजी ठेवून जाणारा शेजारी हेही तापमापकाइतकेच साथप्रतिबंधाचे साधन ठरतात. घराच्या दारावरचा पहारा हवाच. मात्र दारातून आत आलेल्याने अंगात कसकस वाटताच ते घरातल्यांना न भिता सांगावे, इतका विश्वास घरात असेल, तरच त्या पहाऱ्याचा उपयोग होतो.